मूर्त संगीत

दैनंदिन व्यवहारातील ध्वनी यंत्राने मुद्रित करून आणि त्या मुद्रित ध्वनींची जुळणी करून रचलेले संगीत. आगगाडीची शिटी, दाराची करकर, भांड्यांचा खणखणाट, पावलांचा आवाज, रस्त्यावरील बोलणे, खोकणे व हसणे हे सर्व या संगीताचे उपादान होऊ शकते. रूढ संगीतरचनेत स्वर, लय व ताल यांची अमूर्त कल्पना आधी असते व कंठातून अथवा वाद्यातून तिचा आविष्कार नंतर होतो. येथे हा क्रम उलटा आहे. कानी पडलेला प्रत्यक्ष ध्वनी आधी हाती येतो व त्याच्या निवडीतून, कापणीतून आणि जोडणीतून रचना आकारास येते. ‘मूर्त’ हे विशेषण या उलट्या क्रमामुळे लाभले आहे. केवळ विद्युत्‌ उपकरणांतून निर्माण केलेल्या इलेक्ट्रॉनीय संगीताहून ते तत्त्वतः भिन्न होय; मात्र १९५५ नंतर दोहोंचे मिश्रण इतके झाले, की ही भेदरेषा पुसट होत गेली. प्रस्तुत नोंदीत या संगीताचा इतिहास थोडक्यात देऊन त्याच्या मूळ दाव्याचे परीक्षण केले आहे. परीक्षणासाठी परभणी जिल्ह्यातील जात्यावरच्या ओव्यांचा व त्यांच्या ध्वनिमुद्रणांचा आधार घेतला आहे.

गोंगाटास संगीतात स्थान द्यावे, ही मागणी ध्वनिमुद्रणाच्या सोयीपेक्षा जुनी आहे. इटालियन भविष्यवादी चित्रकार लुईजी रुस्सोलो (१८८५–१९४७) याने १९१३ मध्ये गोंगाटाच्या कलेचा जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि गुरगुर, फुत्कार, कडकडाट असे ध्वनी काढणारी पेटीवजा यंत्रे तयार केली. ही यंत्रे प्रत्यक्ष ध्वनी टिपत नसत, त्यांचा भास निर्माण करीत. खरा प्रारंभ ध्वनी साठविता येऊ लागल्यावर झाला. ईजिप्शियन संगीतकार हालिम एल-दाब (१९२१–२०१७) याने १९४४ मध्ये कैरो येथे तारेवर मुद्रण करणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने अशी रचना केली. युरोपीय इतिहासग्रंथांतून हे नाव दीर्घकाळ गाळले गेले व जनकत्वाचा मान फ्रेंच नभोवाणीतील अभियंता पिएर शेफेर (१९१०–९५) यास मिळाला. शेफेरचे कार्य अधिक सूत्रबद्ध होते, हे खरे. परंतु कालदृष्ट्या कैरोचा प्रयोग चार वर्षे आधीचा आहे.

शेफेरचे पाच ‘गोंगाटाचे अभ्यास’ ५ ऑक्टोबर १९४८ रोजी पॅरिसहून नभोवाणीवर प्रसारित झाले. त्यांपैकी पहिला पॅरिसच्या बातिन्योल स्थानकावर मुद्रित केलेल्या वाफेच्या इंजिनांच्या आवाजांवर रचलेला होता. अखेरच्यात पातेल्यांच्या फिरणाऱ्या झाकणांचा आवाज वापरला होता. तेव्हा फीत त्याच्या हाती आलेली नव्हती. सर्व काम तबकड्यांवर चाले. त्यांतील दोन युक्त्या पुढे या संगीताच्या पायाभूत ठरल्या. पहिली युक्ती घंटानादाचा आरंभीचा आघात कापून केवळ उरलेली आस ऐकविण्याची. असा आवाज घंटेचा म्हणून ओळखू येत नाही, तो एखाद्या सुषिर वाद्याचा वाटतो. दुसरी युक्ती ‘बंद खाच’ ही होय. तबकडीवरील खाच मळसूत्राप्रमाणे आत न जाता स्वतःतच मिटली, की सुई त्याच वर्तुळात फिरत राहते आणि एकच ध्वनितुकडा पुनःपुन्हा उमटतो. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर ही पुनरावृत्ती सुमारे पाऊण सेकंदाची असते. जुनी तबकडी अडकून एकच शब्द बोलत राहिल्याचा अनुभव ज्यांस आहे, त्यांना ही युक्ती सांगावी लागणार नाही. घरात जो बिघाड मानला जाई, त्याची शेफेरने रचनापद्धती केली. १९५१ पासून पॅरिसच्या प्रयोगशाळेत चुंबकीय फीत वापरात आली व कात्री आणि चिकटपट्टी ही संगीतकाराची हत्यारे बनली.

या तंत्रापाठीमागील विचार शेफेरने १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सांगीतिक वस्तूंवरील आपल्या बृहद्‌ग्रंथात मांडला. ध्वनी ऐकताना मन एरव्ही त्याच्या कारणाकडे अथवा अर्थाकडे धावते : ही शिटी म्हणजे गाडी आली, हा खडखडाट म्हणजे बैलगाडी. शेफेरच्या मते संगीत ऐकणाऱ्याने हे धावणे थांबवावे व ध्वनीचा पोत, उंची, घनता व घडण एवढेच ऐकावे. पायथॅगोरसचे शिष्य पडद्याआड बसलेल्या गुरूचे केवळ शब्द ऐकत, अशी जी आख्यायिका आहे तिचा त्याने दाखला दिला; ध्वनिक्षेपक हा आधुनिक पडदा होय. आगगाडी विसरल्याखेरीज तिचा ध्वनी संगीत होणार नाही, असा या भूमिकेचा मथितार्थ आहे.

येथेच मतभेदास जागा आहे. परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे जुने रेल्वे केंद्र. अशा गावात वाढलेल्या श्रोत्याला इंजिनाच्या शिटीतून वेळ कळते, कामाची पाळी कळते, कोणी परगावी निघाल्याचे कळते. त्याने शेफेरचा रेल्वेवरील अभ्यास ऐकला, तर गाडी विसरणे त्यास साधणार नाही. ते त्याचे उणेपणही म्हणता येणार नाही. वस्तुतः त्या रचनेतील सर्वांत परिणामकारक जागा गाडी ओळखू येते त्याच होत. चाकांची लय निव्वळ लय म्हणून ऐकावयाची, तर एखादा सामान्य तबलजी तीहून अधिक काही देऊ शकेल. शेफेरला स्वतःलाही पुढे शंका आल्या. १९८६ मधील एका मुलाखतीत, रूढ स्वरसप्तकाच्या बाहेर संगीत उभे करण्याचा आपला खटाटोप निष्फळ झाला, अशा आशयाची कबुली त्याने दिली. ही कबुली अतिरेकी आहे. दैनंदिन ध्वनीस संगीतात आणण्याचा त्याचा प्रयत्न फसला नाही. त्या ध्वनीने आपले घर, आपले श्रम व आपली माणसे दाराबाहेर ठेवून आत यावे, ही अट मात्र फसली.

याची साक्ष पुढील रचनाकारांच्या कृतींतूनच मिळते. शेफेरचा सहकारी पिएर आंरी (१९२७–२०१७) याची १९६३ मधील रचना एका दाराच्या करकरीवर व एका सुस्काऱ्यावर आधारलेली आहे. तीत दार हे दारच राहते. ते कण्हते, कुरकुरते, गाते असे वाटते, ते आपण दार ओळखतो म्हणूनच. ल्यूक फेरारी (१९२९–२००५) याने याहून धीट पाऊल टाकले. दाल्मेशियाच्या किनाऱ्यावरील एका मच्छीमारी गावातील पहाट त्याने मुद्रित केली आणि तिच्यावर जवळजवळ काहीच संस्कार न केल्यासारखी भासणारी रचना १९७० मध्ये पूर्ण केली. नौकांची इंजिने, बायकामुलांचे बोलणे, रातकिडे वा तत्सम कीटकांचा कर्कश गजर एवढेच तीत आहे. शेफेरच्या परिवारास ती रुचली नाही. तीत संगीत कोठे आहे, असा प्रश्न विचारला गेला. आज मात्र या परंपरेतील पुष्कळ चातुर्यपूर्ण कृती जुन्या वाटतात व फेरारीची पहाट ताजी वाटते.

एल-दाबच्या १९४४ मधील रचनेचा विचार वेगळ्या कारणासाठी करावयास हवा. कैरोमधील झार या विधीत स्त्रिया गातात व नाचतात. अंगात आलेल्या शक्तींची शांती करणे हा त्याचा हेतू असतो. एल-दाबने हे गायन तारेवर मुद्रित केले, नंतर ध्वनिगृहात त्यातील मूळ स्वर क्षीण करून केवळ उपस्वरांचे तरंग उरविले, त्यांना प्रतिध्वनीची जोड दिली व ही रचना कैरोतील एका कलादालनात ऐकविली. तिचा जो सुमारे दोन मिनिटांचा अंश आज ऐकावयास मिळतो, तो अत्यंत सुंदर आहे. दूरवरून, पाण्याखालून आल्यासारखा तो आवाज मनात रेंगाळतो. परंतु त्या गाणाऱ्या स्त्रिया कोण होत्या, त्या काय म्हणत होत्या, हे रचनेत उरलेले नाही. शब्द विरघळले आहेत व विधीचे कारणही विरघळले आहे. मूर्त संगीताच्या पहिल्याच कृतीत स्त्रियांचा सामुदायिक आवाज ‘कच्चा माल’ झाला, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

भारतीय संगीतशास्त्राने दैनंदिन ध्वनीचा विचार केलाच नाही, असे नव्हे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघण याच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्‌गदेवाने संगीतरत्नाकरात आहत व अनाहत नादांचे विवेचन केले आणि मोर, चातक, बोकड, क्रौंच, कोकिळ, बेडूक व हत्ती यांच्या आवाजांशी सात स्वरांचा संबंध जोडला. मराठवाड्याच्या भूमीत लिहिल्या गेलेल्या या ग्रंथात बेडकाचे ओरडणे धैवताच्या पदास पोचते, ही मौजेची गोष्ट होय. पण संबंध जोडण्याची दिशा ध्यानात घ्यावी. बेडूक स्वराचा साक्षीदार आहे, सामग्री नव्हे. जो ध्वनी स्वयमेव श्रोत्याचे रंजन करतो तो स्वर, अशी व्याख्या झाल्यावर जात्याची घरघर, मोटेच्या चाकाची कुईकुई व कापूस पिंजणाऱ्याच्या धनुकलीचा टणत्कार हे सारे संगीताच्या उंबरठ्याबाहेर राहिले.

शास्त्राने बाहेर ठेवलेले हे ध्वनी भाषेने मात्र सांभाळले. मराठीत ध्वन्यनुकारी शब्दांची संपत्ती मोठी आहे. सळसळ म्हटले की पान येते, खळखळ म्हटले की पाणी, किणकिण म्हटले की काकण, रुणझुण म्हटले की पैंजण. प्रत्येक शब्दात ध्वनीचा पोत व त्याचे उगमस्थान एकत्र नांदतात. क्वचित शब्द एका उगमावरून दुसऱ्यावर जातो. ‘घरघर’ हा जात्याचा शब्द. तोच मरणोन्मुख माणसाच्या श्वासासही लावतात. शेफेर म्हणतो तसा ध्वनी येथे उगमापासून सुटलेला आहे, पण सुटताना जाते मागे ठेवून आलेला नाही. शेवटच्या श्वासात दळण ऐकू येते, म्हणूनच तो शब्द अंगावर येतो. ज्या भाषेचा कान असा घडलेला आहे, तिच्या बोलणाऱ्यांस कारणाविना ध्वनी ऐकण्याची शिस्त अस्वाभाविक वाटावी, यात नवल नाही.

भारतातील यांत्रिक ध्वनिरचनेचे प्रयोग प्रथम मराठी मुलखाच्या शेजारी झाले. अहमदाबाद येथील राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर (१९२६–९६) याच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर व फीतमुद्रण यंत्रे असलेले ध्वनिगृह उभारण्यात आले. पखवाजवादक गीता साराभाई (१९२२–२०११) यांची प्रेरणा त्यामागे होती. १९४६ मध्ये त्यांनीच जॉन केज यास भारतीय संगीताची ओळख करून दिली होती. साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा व जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत तेथे रचना केल्या. त्या फिती संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंताने त्यांचा शोध घेतल्यानंतर २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रकाशित झाल्या. त्यांत कुतूहल आहे, विनोद आहे, यंत्राशी खेळण्याचा निर्मळ आनंद आहे. पण बहुतेकींचा भर यंत्रजन्य आवाजावर आहे. अहमदाबादच्या गिरण्या, पोळांतील गल्ल्या वा साबरमतीचा काठ त्यांत फारसा ऐकू येत नाही.

मुंबई व पुणे येथे दैनंदिन ध्वनी चित्रपटाच्या आश्रयाने आला. फिल्म्स डिव्हिजनच्या प्रमोद पती (१९३२–७५) यांच्या ‘एक्सप्लोरर’ (१९६८) या लघुपटातील विजय राघव राव (१९२५–२०११) यांची ध्वनियोजना धक्कादायक जुळणीमुळे लक्षात राहते. पुण्याच्या चित्रपट संस्थेत काही काळ अध्यापन केलेल्या ऋत्विक घटक यांनी ‘मेघे ढाका तारा’ (१९६०) या बंगाली चित्रपटात नायिकेच्या दुःखाच्या प्रसंगी गाण्यावर चाबकाचा आवाज योजिला. पडद्यावर चाबूक नाही, आणि तरी तो चाबूक म्हणूनच ऐकू येतो व तेवढ्यासाठीच तो योजिलेला आहे. शेफेरच्या सिद्धांतास इतके नेमके उत्तर भारतीय कलाकृतीत अन्यत्र क्वचितच सापडेल. नभोवाणीवरील श्रुतिकांत दार वाजणे, पाऊस पडणे, टांगा जाणे हे ध्वनिपरिणाम नित्याचे होते. शेफेरनेही नभोवाणीच्या अशाच सामग्रीपासून आरंभ केला होता. आपल्याकडे मात्र ध्वनिपरिणाम संवादाचा गडी राहिला, त्यास स्वतंत्र आसन मिळाले नाही.

परभणी जिल्ह्याचा या विषयाशी संबंध येतो तो ध्वनिमुद्रित सामग्रीच्या बाजूने. या जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईचे गाव. तिच्यासह विठ्ठल दळू लागतो, ही कथा मराठी मनात इतकी रुजली आहे, की जाते या वस्तूस तिच्यामुळे एक वाङ्‌मयीन व धार्मिक प्रतिष्ठा आली. जात्यावरच्या ओव्यांचे संकलन विसाव्या शतकात पुष्कळांनी केले. साने गुरुजींचे ‘स्त्री-जीवन’ आणि सरोजिनी बाबर यांच्या संपादनाखाली निघालेले महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीचे ग्रंथ ही ठळक उदाहरणे होत. या संग्रहांचे ऋण मोठे आहे. परंतु छापील पानावर येताना ओवीचे शब्द तेवढे आले, चाल गळाली आणि जाते तर पूर्णपणे गळाले. पुणे येथील सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेच्या वतीने हेमा राईरकर व गी प्वातव्हँ (१९३४–२००४) यांनी १९८० नंतरच्या काळात हे काम वेगळ्या रीतीने हाती घेतले. त्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या नोंदविल्या गेल्या आणि १९९० नंतरच्या दशकात बेर्नार बेल या संगीतसंशोधकाच्या सहभागाने शंभराहून अधिक तासांची ध्वनिमुद्रणे झाली. परभणी जिल्ह्यातील ताडकळस येथील मुद्रणे १९९६ मधील आहेत. सीतेच्या वनवासाच्या ओव्या त्यांत आहेत. २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारतविषयक संग्रहालयाद्वारे क्रमशः प्रकाशित होऊ लागला. प्रत्येक ओवीसह गाणारीचे नाव, गाव, तालुका व मुद्रणाची तारीख देण्याची त्याची पद्धत आहे.

ही मुद्रणे संशोधनासाठी झाली, रचनेसाठी नव्हेत. काहींत जाते प्रत्यक्ष फिरते, काहींत ओव्या जात्यावाचून गायिल्या आहेत. मूर्त संगीताच्या अभ्यासकाने पहिल्या प्रकारचे मुद्रण मुद्दाम लक्ष देऊन ऐकावे. जात्याची खालची तळी स्थिर असते व वरची पाळ खुंट्याला धरून फिरवितात. मोठ्या दळणास दोघी समोरासमोर बसतात. एकीने ओवी सुरू करावी, दुसरीने ती उचलावी, अशी रीत. उजव्या हाताने फिरविणे चालू असता डाव्या हाताने मुठीमुठीने वैरण घालावयाची. वैरण नुकतीच पडली, की पाळ जड होते व आवाज भरदार, खालच्या अंगाचा येतो. दाणा भरडत जातो तसा तो बारीक, रवाळ होतो. वैरण संपत आली, की दगड दगडास लागल्याची कोरडी खरखर सुरू होते व हात आपोआप सुपाकडे जातो. नुकतीच टाकी लावलेल्या जात्याचा आवाज वेगळा, झिजलेल्याचा वेगळा. ज्वारीचा वेगळा, डाळीचा वेगळा. शेफेरने ध्वनीच्या पोतास फ्रेंच भाषेतील ‘दाणा’ या अर्थाचाच शब्द पारिभाषिक म्हणून वापरला. त्याच्या परिभाषेचे इतके शब्दशः उदाहरण त्याच्या ऐकण्यात खचित आले नसावे.

बंद खाच व जात्याची फेरी या दोन्ही वर्तुळाकार गती होत. दोहोंतून पुनरावृत्ती निर्माण होते, पण त्यांचा स्वभाव अगदी भिन्न आहे. बंद खाचेत पाऊण सेकंदापूर्वीचा क्षण जसाच्या तसा परत येतो. बदलतो तो ऐकणारा, ध्वनी नव्हे. म्हणूनच काही फेऱ्यांनंतर कान ध्वनीचे कारण विसरू लागतो व शेफेरला हवी ती अवस्था येते. जात्याची कोणतीही फेरी मागच्या फेरीसारखी नसते, कारण मधल्या वेळात दाणा पिठात गेलेला असतो आणि हात थोडा अधिक थकलेला असतो. त्या पुनरावृत्तीत काम पुढे सरकते. ओवीचा चरण या फेऱ्यांशी तालाच्या मात्रांप्रमाणे काटेकोर बांधलेला नसतो. तो त्यांवर तरंगतो, श्वासाच्या सोयीने लांबतो किंवा तुटतो. घरघर त्यास आधारस्वरासारखी धरून ठेवते, पण तंबोऱ्याच्या अलिप्ततेने नव्हे. ज्या श्रमाने आवाज निर्माण होतो, त्याच श्रमाने गाणारीचा श्वास तुटतो. साथ व गायन एकाच दमातून निघतात, ही रचना कोणत्याही ध्वनिगृहात बुद्धिपुरस्सर साधणे कठीण आहे.

अशोक दा. रानडे (१९३७–२०११) यांनी संगीताच्या आदिम, लोक, भक्ती, कला, जन व संगम अशा कोटी कल्पिल्या. त्यांत जात्यावरची ओवी लोकसंगीताच्या कोटीत सहज बसते. तिच्या मुद्रणावर रचलेली मूर्त संगीताची कृती कोणत्या कोटीत घालावी, हा प्रश्न मात्र सोपा नाही. साधने कलासंगीताची, श्रोता नागर, उपादान लोकजीवनातील, आणि संगमास आवश्यक अशी दोन पक्षांची परस्पर संमती बहुधा अनुपस्थित. मुद्रणयंत्रासमोर गाताना गाणारीने ओवी दिली ती ओवी म्हणून. तिचा आवाज उलट फिरवून, ताणून, तिचे शब्द पुसून त्याची ध्वनिवस्तू करण्यास तिने होकार दिला होता, असे मानता येत नाही. सीतेच्या वनवासाची ओवी म्हणताना गाणारी सीतेविषयी बोलत असते व बहुधा स्वतःविषयीही; शब्द पुसले, की हे दोन्ही पुसले जाते. कैरोच्या रचनेत जे घडले तेच येथे घडू शकते. ते तेथे घडले तेव्हा झार गाणाऱ्या स्त्रिया आपले गायन इतरत्र चालू ठेवून होत्या. मराठवाड्यात तशी स्थिती राहिली नाही. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, तेल-इंजिनाचा पुकपुक आवाज गावाच्या दुपारीत भरून राहिला व पुढे विजेवरील चक्क्यांनी तोही शांत केला. पहाटे उठून पायली-पायली दळण्याचे कष्ट गेले, याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. ज्यांच्या हातांना घट्टे पडले त्यांनी हळहळ केलेली दिसत नाही. पण लग्नातील हळदीच्या दळणापुरते जाते उरल्यावर ओवीचा रोजचा प्रसंगच नाहीसा झाला. अशा वेळी मुद्रण हे सामग्री राहत नाही, तो पुरावा होतो. आणि पुराव्यावर कात्री चालविण्याचे नियम वेगळे असतात.

याचा अर्थ या मुद्रणांस हात लावूच नये, असा नव्हे. संग्रहाच्या कपाटात त्यांना सोवळ्यात ठेवणे हाही एक प्रकारचा अव्हेरच. मार्ग कोणता, याचे दिग्दर्शन कॅनडातील ध्वनिपर्यावरणाच्या अभ्यासकांच्या कार्यातून होते. रेमंड मरी शेफर (१९३३–२०२१, पिएर शेफेरशी असलेले नामसाधर्म्य केवळ योगायोगाचे) याने सायमन फ्रेझर विद्यापीठात स्थळांच्या ध्वनींचा अभ्यास सुरू केला व १९७७ मध्ये त्यावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्याच्या परिवारातील हिल्डेगार्ड वेस्टरकाम्प (जन्म १९४६) हिने भारतात केलेल्या मुद्रणांवर १९९० नंतर काही रचना केल्या. दिल्लीतील फेरीवाल्यांच्या आरोळ्यांवर आधारलेल्या तिच्या १९९७ मधील रचनेत आवाज ताणले, मिसळले, खोल नेले आहेत. तथापि मूळ आरोळी वेळोवेळी पृष्ठावर येते व आपण रस्त्यावर आहोत याचे भान सुटत नाही. पाहुणीच्या कानाने ऐकल्याची मर्यादा या रचनेस आहे. दिल्लीकरास ज्या आरोळीत भाजीचा भाव ऐकू येतो, तीत तिला प्रामुख्याने स्वर ऐकू येतो. पण ही मर्यादा ती लपवीत नाही. परक्या स्थळाच्या पृष्ठाखाली हळूच शिरणे, असा निर्देश तिने शीर्षकातच केला आहे.

जात्याच्या मुद्रणांवर मराठी रचनाकारास काम करावयाचे झाल्यास त्याची सोय याहून अधिक आहे व जबाबदारीही. भाषा त्याची आहे. शब्द कळत नाहीत ही सबब त्यास नाही. घरघरीच्या पोतातील जे बदल वर वर्णिले आहेत, तेवढ्यावरही एक दीर्घ रचना उभी राहू शकते : भरलेल्या पाळीपासून कोरड्या खरखरीपर्यंत, पुन्हा वैरण, पुन्हा भर. तीत जाते जात्यासारखेच ऐकू यावे, कारण त्याच्या फेऱ्यांतील असमानता ही त्या रचनेची खरी लय असेल. यंत्राने एकच फेरी उचलून तिची बंद खाच केली, तर उरेल तो निव्वळ ठेका. ओवीच्या जागी ओवी अखंड यावी. गाणारीचे नाव व गाव श्रोत्यास आधी सांगितले जावे, जसे गायकाचे व घराण्याचे सांगतात. दोन ओव्यांमधील जी शांतता संकलनकार बहुधा कापून टाकतात, तीही ठेवावी. त्या वेळात बाई सुपातील दाणे पुढे ओढत असते, पदराने पीठ सावरीत असते, नाहीतर पुढची ओवी आठवीत असते. आणि जाते जवळजवळ थांबल्यावर घरातील इतर आवाज, एखादे मूल, एखादे भांडे, बाहेरचा कोंबडा, प्रथमच ऐकू येऊ लागतात.